मोटारीला एरंडेल

— न्हाय, न्हाय, तशी न्हाय कुंडलिकराव, तेलाची काटी अशी भसकन वडायची न्हाय. आदी बाहेर काडायची, फडक्यानं पुसायची, परत खाली सोडायची दमानं, आन मग वर घ्यायची — आता बगा. दिसलं? वरच्या रेघंला टेकलंय तेल. सकाळी मालकांनी सोता बगितलं की, तुमच्या म्होरं, खिशातल्या पांढऱ्या रुमालानं काटी पुसून. आन म्हनले काय? "अक्कलकोटाहून सासूबाईंना घेऊन या, संध्याकाळी मी परत बघीन." तुमी नुसतं "जी" म्हनला. करीम बी "जी"च म्हनायचा. बसा वाईच. त्या बाकावर नको, त्यो मोडलाय, पोत्यावर बसा. अक्कलकोट कुटं पळून चाललंय व्हय? ही गाडी तासाच्या आत नेती तुमास्नी. तुमी बार्शीच्या रस्त्यानं सर्विस मोटार हाकलेली, पंधरा मानसं आन वर कोंबड्या. हिच्यात दोनच मानसं बसत्यात. आन पळती — पळती म्हंजे काय, बॉनेटला पट्टा बांदलाय बगा, घोड्याचा तंग असतो तसा, न्हायतर वाऱ्यानं पत्रा उडून जाईल. विजापूरच्या रस्त्याला मालकांनी एकदा असली सोडली की माज्या डोक्यावरचा पटका गेला त्यो गेलाच. मी मागं पेटीवर बसलोतो, धरून.

काय सांगत हुतो? हां, तेल. ही गाडी तेल पिती, कुंडलिकराव. लई पिती. अक्कलकोटाला जाऊन आला की ह्या रेघंवरचं तेल ह्या खालच्या रेघंच्या बी खाली जाईल. हे मी तुमास्नी आत्ताच सांगून ठेवतो, कारन मालकांचा हिशोब निराळा हाय. ते मैलाचं घड्याळ बगा म्होरं — मेलंय. आतली तार तुटली, ममईहून यायची हाय, वरीस झालं येतीया. मग गाडी किती पळली ते कळावं कसं? मालक तेलावरनं काडत्यात. इतकं तेल गेलं म्हंजे इतकं मैल. घोड्याच्या शेणावरनं वैरन काडावी तसं. थोरले मालक असं न्हवते, ते घोड्याच्या तोंडाकडं बगायचे. मी थोरल्या मालकांचा, टांग्यावरचा. तीस वरसं दोन घोडी सांबाळली, कदी चाबूक लावला न्हाय. मग श्रीमंतराव — हे धाकले मालक — जिनिंगचा कारखाना ह्यांच्या हातात आला, घोडी गेली, तबेल्यात ही मोटार आली. मी हितंच ऱ्हायलो. पुसायचं, पानी घालायचं, चाकाला हवा. इंजिनाला हात न्हाय. करीम हात लावू द्यायचा न्हाय की! "धोंडीकाका, घोड्याला तुमी, इंजिनला मी." हसायचा. दात लई चांगले हुते त्याचे.

करीम म्हंजे तुमच्या आदीचा ड्रायव्हर. त्यो का गेला ते बाजारात ऐकलंच असंल तुमी. काय ऐकलं? — व्हय, तेच. मालक पुन्याला गेले रेल्वेनं, आठ दिवस, आन मागं करीमनं गाडी बाहेर काडली, बाई बसवली, विजापूर केलं. दोनदा केलं म्हनत्यात न्हवं? आता तर तीनदा म्हनत असतील. मी सांगू? गाडी हितनं हालली न्हाय. रोज दुपारी त्यो पाव तास इंजिन चालू करायचा, ह्याच जागी, आन त्या आठ दिवसांत एकदा मालकीनबाईंना सिद्धेश्वराच्या देवळात नेऊन आनलं. हितनं देऊळ म्हंजे किती? पानाची पिंक सुकायच्या आत परत. बास. मी बगत हुतो की, हितंच बसून. पन मालक पुन्याहून आले, भाड्याच्या टांग्यातनं उतरले ते सरळ हितं, काटी काडली — आन तेल खालच्या रेघंच्या खाली. "कुठं नेली होतीस?" करीम म्हनला, "कुटं न्हाय मालक, इंजिन तेल खातंय. मागं निळा धूर मारतंय, मी कवाचं सांगतोय." मालक म्हनले, "नवी कोरी विलायती गाडी, तिला तेल खायला काय झालं?" आता धूर निघतो मागं, आन मालक बगत्यात म्होरं. त्यांनी बगितलाच न्हाय धूर कदी. मग माज्याकडं वळले. "धोंडीराम, तू इथं असतोस. गाडी बाहेर गेली होती?"

मी काय म्हनलो म्हंता? — मी म्हनलो, "दुपारच्याला मी डुलका घेतो, मालक."

खोटं न्हाय हां. डुलका घेतोच मी दुपारचा. सगळ्या सोलापूरला ठावं हाय. "गेली" म्हनलो न्हाय, "न्हाय गेली" बी म्हनलो न्हाय. करीमनं माज्याकडं बगितलं. मग त्यानं किल्ली बॉनेटवर ठेवली, वरनं डोक्यावरची टोपी काडून ठेवली — ती मालकांची हुती — आन बोडक्यानं गेला. ऊन लई हुतं.

का न्हाय बोललो? तुमी तोंडानं विचारत न्हाय, पन डोळं विचारत्यात. आता काय सांगू... "न्हाय गेली" म्हनलो असतो, तर मालक विचारनार, मग तेल गेलं कुटं? आन त्या आठ दिवसांत घाना बंद हुता की. तेल्याचा बैल लंगडला हुता, घाना फिरत न्हवता, तर मी आनू कुटनं — काय? कसला घाना? — न्हाय, ते काय न्हाय. ते आपलं असंच.

पानी पिता का? मडक्यात हाय. बरं.

आता निघालंच हाय तोंडातनं तर ऐका. मागल्या उन्हाळ्यात मालक विजापूर करून आले, इंजिन असलं तापलं हुतं की जवळ उबं ऱ्हावंना, घोडं फेसाळल्यागत नुसता वाफारा. वर माडीवर पावनं हुते, मालक त्यास्नी सांगत हुते — मी पायरीवर पंखा वडत बसलोतो — "विलायतेत शर्यतीच्या मोटारींना एरंडेल घालतात." एरंडेल! माज्या कानात ते बसलं. एरंडेल मला ठावं की. गाडीच्या आसाला जलमभर तेच घातलं. घोड्याच्या खुराला तेच लावलं. थंड असतंय ते, अंगातली उष्णता वडून घेतंय. म्हनलं, ही बिचारी एवडी पळती, हिला कुनी थंडावा दीना. मग तेल्याकडनं लोटाभर आनलं, चांगलं, ताजं घान्यावरचं, आन करीम निमाज पडाय गेला का वरनं वतलं. दर शुक्कीरवारी. त्यो निमाजाला, मी हितं लोटा घेऊन. कुनाला सांगितलं न्हाय. चोरून न्हवं हां — सांगन्यासारकं वाटलंच न्हाय. लेकराला टाळूवर तेल घालताना कुनी सांगतंय व्हय?

तर हिकडं ती तेल प्यायला लागली हुती, आन हिकडं मी दर शुक्कीरवारी वतून रेघ वर आनत हुतो. म्हनून कुनाला कळलं न्हाय, सा म्हैनं. करीमला बी न्हाय, त्याला नुसता धूर दिसायचा. काटी बगावी तर रेघ जागच्या जागी. त्यो डोकं खाजवायचा. आन मग त्या आठ दिवसांत बैल लंगडला, लोटा आला न्हाय, रेघ खाली गेली — आन मालक नेमके तवाच आले.

न्हाय, तवा मला ठावं न्हवतं की माज्यामुळं पिती. मला वाटलं थंडाव्यानं सुकून जातंय, मानूस पानी पितंय तसं. खरं काय ते नंतर कळलं. करीम गेल्यावर मला काय बरं वाटंना. मग एका ऐतवारी, मालक शेतावर गेलते, तवा रेल्वेच्या कारखान्यातला फिटर हाय न्हवं, रावजी, त्याला मीच बोलावलं गुपचूप. त्यानं खालचा बूच काडून तेल सोडलं. तेल न्हवंच ते — साळ्याची खळ असती की नई, सुताला लावायची? तशी घट, काळी, तारा सुटलेल्या. त्यानं बोटावर घेतली, नाकाला लावली, आन म्हनला, "हिच्यात एरंडेल कुन्या गाडवानं वतलं?" मी म्हनलो, "वतू नये का? विलायतेत वतत्यात." तर हसला. म्हनला, "म्हातारबा, वतत्यात ते निस्तं एरंडेल वतत्यात. हिच्यात हाय खनिज तेल. त्या दोगांचं वैर हाय. एका भांड्यात घातली की फुटत्यात, नासक्या दुदावानी." मग सांगितलं मला — आत दट्ट्या असतोय, पिस्टन म्हनत्यात त्यो, त्याला बांगड्या असत्यात लोकंडाच्या, त्या सैल हालत्या पायजेत, म्हंजे तेल खालचं खाली ऱ्हातं. माज्या खळीनं त्यांच्या खाचा भरल्या. बांगड्या चिकटून बसल्या, जनू कुनी डिंक वतला. आता तेल वर जातं आन जळतं. सगळं इंजिन खोलायचं, दट्टे काडायचे, घासलेटात घालून खाचा साफ करायच्या, नव्या बांगड्या, आन मग एकच तेल, जलमभर एकच. दुसरा विलाज न्हाय. मी म्हनलं, रावजी, तूच सांग की मालकास्नी. त्यो हात पुसत म्हनला, "वतलं तुमी, सांगायचं मी?" नवं तेल घालून गेला. त्याला बी चार म्हैनं झालं. तवापासनं गाडी हितं पांघरून घालून उबी, तुमी यायची वाट बगत.

गेलतो की करीमकडं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलतो, दरसालचा रिवाज. त्याच्या बायकोनं, चांदबीनं, पाट दिला, पानी दिलं. शमशादचं — त्यांची लेक — नळदुर्गाला ठरलं हुतं, ते मोडलं. बाप बाजारातल्या बाया मोटारीतनं हिंडवतो म्हनल्यावर कोन सोयरीक करनार? चांदबी चुलीकडं तोंड करून म्हनली, "काका, तुमकू तो मालूम हाय ना, गाडी कहीं नै गयी?" मी तिळगूळ खात हुतो. तोंडात हुता माज्या. करीम आता पिठाच्या गिरनीत हाय, त्याला ड्रायव्हर म्हनून कोन दारात उबं करीना. त्यानं एकच विचारलं — "काका, इंजिन रोज चालू करतंय का कोन? न्हायतर बसंल ते." मी व्हय म्हनलो. कोन न्हाय करत.

रडू बी येत न्हाय बगा. आत काय हालतच न्हाय. वरनं सगळं बरं दिसतं — खातो, पुसतो, झाडतो.

म्हनून तुमास्नी सांगितलं. ह्या डब्यात तेल हाय, चांगलं, तेच ममईचं. अक्कलकोटाला पोचला की शेरभर वता, माघारी येताना वेशीजवळ थांबून अजून वता, काटी बगा, वरच्या रेघंला आली की मगच फाटकात या. म्हंजे संध्याकाळी मालक बगतील, तर सगळं जागच्या जागी. तुमची बायको-पोरं काल बार्शीहून आली, त्यास्नी काय घोर न्हाय. असंच करत ऱ्हावा. कुनाला कळत न्हाय.

काय झालं? उटला का? किल्ली ही घ्या की. — न्हाय? — कुनाला सांगता? मालकास्नी? आत्ता? ते पूजेत असतील. — न्हाय, न्हाय, मी न्हाय येत. मला न्हाय जमायचं त्यांच्या म्होरं. तीस वरसं "जी"च म्हनलं, ह्या तोंडाला दुसरं वळन न्हाय. — तसं न्हाय, तुमास्नी अडवत न्हाय मी. हात धरला का मी तुमचा? एरंडेल म्हातारबानं वतलं म्हना. लोटा खुंटीला हाय म्हना. बांगड्यांचं नीट सांगा, रावजीला विचारा म्हना, त्यो सांगंल. आन करीमचं — करीमचं आदी सांगा. तेलाचं मागनं.

जोडं पायरीखाली काडा. बॉनेट मी लावत न्हाय, उगडंच ठेवतो, ते बगाय खाली येतील.

जावा. माज्याकडं काय बगताय? जावा की.