फुटलेल्या लेन्सची नोंद

गोरेगाव पोलीस ठाणे, जि. हिंगोली
दि. १४ नोव्हेंबर २००८

पुनम तातेराव कावरखे, वय २६ वर्षे, व्यवसाय फोटोग्राफी, रा. गोरेगाव, ता. सेनगाव

मी ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी आई-वडिलांसोबत राहते. माझे लग्न झालेले आहे. सासरबाबत मला येथे काही सांगायचे नाही. घराच्या पुढच्या खोलीत मी फोटो काढण्याचे काम करते. गावातील व तांड्यावरील बाया पुरुषाच्या स्टुडिओत जायला लाजतात, त्या माझ्याकडे येतात. रोल धुण्यासाठी दर वेळी हिंगोलीला जावे लागते, म्हणून तेथील इंटरनेट कॅफेतून मुंबईच्या एका दुकानाचा डिजिटल कॅमेरा मागवला.

दिवाळीनंतर कुरिअरचे अमरसिंग राठोड खोके घेऊन घरी आले. त्यांच्या नियमाप्रमाणे आधी सही घेतली. खोके हातात देताना ते म्हणाले, "ताई, कोपरा दबलाय. उघडू नका, आदी फोटू काढा." मी जुन्या कॅमेऱ्याने बंद खोक्याचे व नंतर उघडतानाचे फोटो काढले. आत लेन्सची काच फुटलेली होती. वडील तेथेच बसले होते. ते उठून शेताकडे गेले.

दुकानदाराला फोन केला असता, वाहतुकीत फुटल्याचे कुरिअरकडून लिहून आणल्यास लेन्स बदलून देतो, असे त्याने सांगितले. मी फोटो धुऊन घेऊन कुरिअरच्या हिंगोली कार्यालयात गेले. तेथील व्यवस्थापक रामप्रसाद म्हणाले, "माल बराबर मिळाला म्हणून सही हाय तुमची. आता काहून भांडून राहिल्या?" मी म्हणाले, "सही केल्याबिगर तुमी खोकं देत न्हाई. बंद खोक्यात काय फुटलं ते मला कसं दिसंल?" फोटो मागाहून काढले असतील, असे त्यांचे म्हणणे पडले.

अमरसिंग तेथेच थैल्या भरत होते. कोणी विचारले नसताना ते म्हणाले, "साहेब, गाडीतून उतरवतानाच कोपरा दबलेला व्हता. मी तुमाला दाखवला व्हता." व्यवस्थापकांनी त्यांना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. मला म्हणाले, पोलिसांत नोंद करून आणा, मग बघू. अमरसिंग यांना दोन लेकरे आहेत, हे बाहेर आल्यावर समजले.

म्हणून आज मी व अमरसिंग असे आम्ही दोघे ठाण्यात आलो. वडीलही आले आहेत. मी त्यांना चला म्हटले नव्हते. माझे पहिले म्हणणे अमरसिंग यांच्या कामाबाबत आहे, कॅमेऱ्याचे त्यानंतर. जमादार साहेबांनी माझ्यासमोर हिंगोलीला व्यवस्थापकांना फोन लावून आम्हा दोघांचे म्हणणे कळवले. खोके गाडीतच दबल्याचे लिहून देतो आणि अमरसिंग यांना कामावर घेतो, असे व्यवस्थापकांनी कबूल केले. त्यामुळे माझी आता कोणाविरुद्ध तक्रार नाही. फक्त नोंद व्हावी.

खोक्याचे फोटो पाहून साहेबांनी हे कोणी काढले, असे विचारले. मी बोलण्याआधी वडील म्हणाले, "माझ्या पोरीनं." पंचनाम्याचे फोटो काढायला बाई माणूस मिळत नाही, बोलावले तर याल का, असे साहेबांनी मला विचारले. मी हो म्हणाले.

हा जबाब मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतःही वाचला. तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे, म्हणून खाली सही करते.