शेऱ्याचा रकाना

माझी नात सोनू अमरावतीला विमान चालवायला शिकते, हे तुम्हाला माहीतच आहे. परवा ती पहिल्यांदा एकटीच अकोल्यापर्यंत जाऊन येणार होती. मी कुंपणापाशी उभा होतो. उतरल्यावर माझ्यापाशी येऊन तिनं उड्डाणांच्या वहीत वेळ लिहिली. तास भरायला काही मिनिटं कमी पडली होती.

मी म्हटलं, “पुरा तास लिही ना. नोकरीले तासच पायतेत म्हनते ना तू?”

“आबा, कंपनीवाले विमानाच्या नोंदीशी ताळमेळ लावतेत. एक मिनिट खोटं सापडलं, तं मले कोन घेईन?”

“मंग मी उन्हात जीव मुठीत धरून उभा होतो, ते कुठी लिहिशीन?”

“ते खरं हाये,” ती म्हणाली. “ते लिहिता येते.”

आणि शेऱ्याच्या रकान्यात तिनं लिहिलं: आबा कुंपणापाशी होते.