खराटा स्टेजवर

साखरपुड्याला झेंडू आमच्याच शेतातला पाहिजे, हा उचगावच्या अण्णांचा हट्ट. स्टेजची सजावट माझ्याकडं होती. मी फोनवर म्हटलं, "फुलं तोडून ठेवा." देठासकट म्हणायचं राहिलं. जाऊन बघतो तर हारासाठी तोडतात तशी बिनदेठाची टोपलीभर फुलं!

"अण्णा, ही फुलदाणीत उभी कशी ऱ्हाणार?"

"तुमीच बघा आता. पाव्हणं तासाभरात येत्यात."

मागच्या दारी नवा खराटा दिसला. त्याची दोरी सोडली आणि काडी-काडीवर फूल टोचलं. उंच काड्या मागं, आखूड पुढं. अण्णा लई खूश.

तेवढ्यात त्यांच्या आक्का अंगणातनं ओरडल्या, "पाव्हणं वेशीत आलं! माझा खराटा कुठं गेला?"

म्हटलं, "आक्का, तो कवाच नटून स्टेजवर बसलाय."