माडीवरचे मेहुणे

चहा घ्या, पण आधी मला सांगा, पाहुणा फार दिवस राहिला तर तो भाडेकरू होतो का?

परवा म्युनिसिपालिटीत घरपट्टीची नवी आकारणी पाहायला गेलो. हरकत घ्यायचा तो शेवटचा दिवस होता, त्यामुळे सकाळपासून जिवाला चैन नव्हती. पाहतो तर यादीत माझ्या घरापुढे शेरा, 'माडी भाड्याने दिली आहे'. घरपट्टी दीडपट झालेली!

मी कारकुनाला म्हणालो, "अहो, माडीवर माझे मेहुणे राहतात. सटाण्याहून कोर्टाच्या कामाला आलेत."

"पंचवटीतले सगळे मालक हेच सांगतात, रावसाहेब. सिंहस्थात तर इथे एकही भाडेकरू नसतो, सगळे मेहुणेच असतात. कधीपासून आहेत?"

"दिवाळीपासून. म्हणजे गेल्या दिवाळीच्या आधीच्या."

"आणि भाडं काहीच नाही?"

त्याने असं रोखून पाहिलं, की एम. ए. झालेला मी चक्क घाबरलो. नकळत आपण कधी काही घेतलं तर नसेल? म्हणालो, "माझ्या माहितीप्रमाणे तरी नाही."

"मग त्यांनाच आणा. लेखी देऊ द्या."

धावत घरी आलो आणि मेहुण्यांना झोपेतून उठवून कचेरीकडे निघालो. भाड्याचं नाव काढलं तर यांना अपमान वाटेल, या धास्तीने वाटेत तोंड उघडेना. शेवटी पायरीवर कसंबसं सांगितलं.

मेहुण्यांनी आनंदाने सही ठोकली आणि कारकुनाला विचारलं, "साहेब, यापुढेही देणार नाही, असं खाली लिहू का? दाजींचं काम पक्कं होईल."