अडीच स्टार आणि एक रुमाल

नाही, पण मी म्हणतो, सिनेमा आवडला असं सरळ सांगायला माणसाला काय धाड भरते? तुम्हाला सांगतो, आमच्या फिल्म क्लबात तुम्ही खुशाल म्हणा की मला सिनेमा कळला नाही, लोक आदराने बघतात... पण आवडला म्हणालात की संपलात. तीन वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि आमचे अडीचसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "आवडला म्हणजे नेमकं काय झालं?" जसा काही मी पोटात दुखतंय म्हणून त्यांच्याकडे गेलो होतो. मला सिनेमा आवडतो, एवढाच माझा गुन्हा.

अडीच म्हणजे आमचे समीक्षक. पेपरात लिहितात आणि कुठल्याही सिनेमाला अडीच स्टार देतात. "पाच दिले तर लोक भाबडा समजतात, एक दिला तर पुढच्या खेळाला कोणी बोलावत नाही," हे त्यांचं शास्त्र. विद्वान माणूस, वादच नाही, पण बिचाऱ्याला बारमाही सर्दी. थिएटरात चादरीएवढा रुमाल घेऊन येतात, एसी सोसत नाही म्हणे.

तर परवा क्लबाने ठरवलं, या वेळी चर्चेत पहिला बोलणार मी. सिनेमा कुठला, तर सध्या सगळे बघतायत तोच... बाप शिंपी, मुलगा घर सोडून गाणारा होतो, आणि बाप पंधरा वर्षं त्याच्याशी बोलत नाही. मी बघितला. म्हणजे लोकांनी बघू दिला तेवढा. मागचा गृहस्थ फोनवर, "हो, सिनेमातच आहे, बोल ना, निवांत आहे," आणि शेजारी आमची ही, पहिल्या गाण्यालाच सांगून मोकळी, "हा शेवटी बोलणार बघा." आता आपल्या सिनेमात शेवटी काय होणार ते पोस्टरवरूनच कळतं, कबूल, पण कळलं म्हणून रडू यायचं थांबतं का? स्टेशनवर गाडी सुटते, बाप खिडकीशी येतो आणि पंधरा वर्षांनी पहिल्यांदा तोंड उघडतो, "जेवलास का?" ...मी रडलो. अहो, असा रडलो की मागच्याने फोन ठेवला आणि मला पाणी दिलं.

घरी येताना बायकोला शब्द दिला, या वेळी उभा राहून सांगणार, मला आवडला, मी रडलो, काय म्हणायचं ते म्हणा. ती म्हणाली, "मग मी येते ऐकायला." बावीस वर्षांच्या संसारात क्लबात पहिल्यांदा आली, ठेवणीतले कपडे घालून, मागच्या रांगेत बसली.

मी उभा राहिलो. समोर अडीच चष्मा पुसतायत. आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? "दिग्दर्शकाने शेवटी मौनाच्या शक्यता नाकारल्या आहेत." याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण लोकांनी माना डोलावल्या, आणि समोर माना डोलल्या की माणूस चेकाळतो, मी पुढे म्हणालो की ते "जेवलास का" म्हणजे प्रेक्षकावर केलेली भावनिक सक्ती आहे... टाळ्या. अडीच उठून आले, माझा हात हातात घेतला, "आता तुम्हाला सिनेमा कळायला लागला. यावर माझ्या पानावर लिहा." मला सिनेमा आवडतो, एवढाच माझा गुन्हा, आणि तोही मला कबूल करता आला नाही.

वाटेत ही गप्प. म्हटलं, "अगं, बोल काहीतरी." तर म्हणाली, "तुमच्यापेक्षा तो न बोलणारा बाप परवडला." लाज वाटली हो, खरंच वाटली. ठरवलं, लेखात तरी खरं लिहायचं.

लेखासाठी अडीचांबरोबर तोच सिनेमा पुन्हा बघायला गेलो. स्टेशन आलं, गाडी सुटली, मी दात आवळून बसलेला, कारण आता मीही समीक्षक ना. बाप म्हणाला, "जेवलास का?" आणि शेजारून हुंदका आला. बघतो तर अडीच, रुमालात तोंड खुपसलेलं, खांदे गदगदतायत. मी हळूच विचारलं, "सर्दी?" त्यांनी मान हलवली आणि रुमालाचं कोरडं टोक माझ्याकडे सरकवलं, "घ्या. या कामात होतेच."

अख्खा रुमाल भिजवला दोघांनी. मग बाहेर येऊन चहा घेतला, नाकं पुसली आणि शेजारी शेजारी बसून लेख लिहिला.

घरी आलो तर ही दारातच उभी. "किती दिले?"

काय सांगणार... अडीच.

ही आत गेली, कपाटातून एक मोठा रुमाल काढला आणि घडी करून माझ्या पिशवीत ठेवला. तेव्हापासून तुम्हाला सांगतो, मलाही एसी सोसत नाही.