राणीमाशी बघायला

दवाखान्यात शिंपीणकाकू दुखरी दाढ धरून बसल्या होत्या. समोरच्या बाकावर एक सासू आणि तिची सून. सासूचा डावा डोळा सुजून पार मिटला होता.

“आई, खरं सांगा, मधमाश्यांच्या पेटीजवळ गेलात कशाला?”

“मी कुठे गेले? माशीच आली.”

“आणि पेटीचं झाकण? तेही माशीनंच काढलं?”

“वाऱ्यानं पडलं असेल.”

“त्यावर दगड होता, आई.”

“बरं बाई, मी उघडलं. उठता-बसता तुझं आपलं राणी अशी अन् राणी तशी. या घरात एवढं कौतुक माझंसुद्धा कुणी केलं नाही. म्हटलं, बघावी तरी.”

“मग मला सांगायचं! धूर दिला असता, तोंडावर जाळी बांधली असती.”

“कोणत्या तोंडानं सांगू? पेट्या आणल्यास तेव्हा मीच घर डोक्यावर घेतलं होतं.”

“आता हे म्हणतील, पेट्या देऊन टाक.”

“म्हणू दे. पहिला मध निघायच्या आत पेट्यांना हात लावला, तर गाठ माझ्याशी आहे म्हणावं.”

सुनेनं वाकून सासूचा डोळा जवळून पाहिला.

“फार दुखतंय का?”

“दुखतंय. पण ती लांब पोटाची, बाकीच्या जिला वाट करून देत होत्या, तीच ना गं?”

“तुम्हाला दिसली? आई, मला अजून एकदाही सापडली नाही! कशी होती?”

तेवढ्यात आतून शिंपीणकाकूंना हाक आली.

“माझ्याआधी दुसऱ्या कुणाला घ्या,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.