प्रमिलाताईंची मधली जागा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या भोपाळच्या मराठी मंडळाच्या आधारस्तंभ माननीय कमलिनीकाकू दाभाडकर; पुण्याच्या मुख्य कार्यालयातून आलेले आमचे संचालक माननीय सत्यजित राजवाडेसाहेब; ज्यांच्या निमित्ताने आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती प्रमिलाताई सबनीस; सोनागिरीतून, अयोध्या नगरातून आणि थेट साकेत नगराहून शनिवारची संध्याकाळ मोडून आलेले सभासद बंधुभगिनी; आणि अगदी मागच्या रांगेत अवघडून बसलेली माझ्या वाइंडिंग शॉपची मंडळी. अहो, पुढे या ना, खुर्च्या रिकाम्या आहेत. नाही येणार? बरं, राहू द्या.

मी दिलीप आंबेकर, आमच्या कारखान्यातल्या वाइंडिंग शॉपचा प्रमुख. ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळायचं काम आमच्याकडे चालतं. भाषण हा काही माझा प्रांत नव्हे. माईकसमोर उभं राहिलं की मी ठरवलेली वाक्यं विसरतो, आणि आज तर त्याला आणखी एक कारण आहे. ते कारण इथे बोलू नये, असं मी घरून ठरवून निघालो होतो. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात कारखान्याची रडकथा कशाला? आमच्या सौभाग्यवतींनीही दारातच बजावलं, "फक्त ताईंबद्दल बोला." मी हो म्हटलं. पण आता बघतोय, ताईंबद्दल बोलायचं तर ते टाळता येत नाही.

मघाशी चहा घेताना कमलिनीकाकूंनी मला विचारलं, "अरे दिलीप, ही प्रमिला तुमच्या कारखान्यात नेमकं करायची तरी काय? कॉइल गुंडाळायची का?" काकू, नाही. ताई आमच्या आयटी विभागाच्या प्रमुख. मूळच्या इंदूरच्या, संख्याशास्त्राच्या सुवर्णपदक विजेत्या, आणि भल्याभल्या इंजिनिअरांना घाम फोडणाऱ्या. आमच्या कारखान्यात ईआरपी नावाची एक व्यवस्था आहे. माल आला, काम सुरू झालं, काम संपलं, गाडी गेली, या सगळ्याची नोंद तिच्यात होते. प्रत्येक कॉइलचं तिथे एक जॉब कार्ड उघडतं आणि काम झालं की बंद होतं. उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा काळ म्हणजे त्या कॉइलला लागलेला वेळ. ऐकायला किती सोपं वाटतं, नाही का?

पण आमच्याकडे ते कार्ड काम झाल्यावर बंद होत नाही. ते नारळ फुटल्यावर बंद होतं.

हसताय? हसा. राजवाडेसाहेबही हसतायत, हे पाहून मला जरा धीर आला. झालं असं, की फार पूर्वी एक कॉइल गाडीत चढवताना गेटवर दबली. कार्ड तर बंद झालं होतं. ते पुन्हा उघडायला पुण्याची परवानगी लागायची, आणि ती येईपर्यंत ती बिचारी कॉइल ना कारखान्याची ना गिऱ्हाइकाची, अशी पडून राहिली. त्या दिवशी आमच्या तेव्हाच्या फोरमनसाहेबांनी फर्मान काढलं, "आज से गाडी गेट के बाहर, तब कार्ड बंद!" तेव्हापासून आमचा दत्तू, तो बघा मागे निळ्या शर्टात, गाडीच्या चाकापुढे नारळ फोडतो, गाडी निघते, मग तो हात पुसून कॉम्प्युटरवर जातो आणि कार्ड बंद करतो. आता गाडी कधी निघणार? पूर्ण भरल्यावर. गिऱ्हाइकाचा माणूस पाहून गेल्यावर. अमावास्येला तर निघतच नाही. तोवर तयार कॉइल प्लास्टिक पांघरून शेडमध्ये उभी असते आणि ईआरपी म्हणत राहतं, काम चालू आहे, काम चालू आहे.

म्हणजे कागदावर भोपाळची वाइंडिंग ही कंपनीतली सगळ्यात सुस्त वाइंडिंग! पुण्यातल्या माणसाला काय कळणार की कॉइल कधीचीच तयार आहे?

कळायचं, कारण मधे प्रमिलाताई होत्या. आमच्या टेस्टिंग विभागात एक वेगळा कॉम्प्युटर आहे. कॉइल चाचणीत पास झाली की तिथे तारीख पडते. काम संपल्याची खरी तारीख ती. पण तो डेटाबेस आणि ईआरपी यांची कधी तोंडओळखही नव्हती. ताई दर महिन्याला दोन्हीकडचा मजकूर काढायच्या, स्वतः बसून जुळवायच्या, कॉइल उभी राहिलेले दिवस वजा करायच्या आणि मग पुण्याला अहवाल धाडायच्या. सोबत फोनही करायच्या. "हे पाहा, इथे उशीर दिसतोय तो उशीर नाही," असं समजावून सांगायच्या. घरात दोन जावांचं बोलणं बंद असताना एखादी शहाणी नणंद इकडचा निरोप तिकडे गोड करून पोहोचवते ना, तसं चाललं होतं. आम्हाला त्याचा पत्ताही नसायचा. आम्ही खुशाल नारळ फोडत होतो.

आता पुण्याने ठरवलं आहे की हाताने केलेले अहवाल बंद. ईआरपीला एक नवं बीआय साधन जोडायचं. ते थेट डेटाबेसमधून आकडे उचलेल आणि संचालकांच्या पडद्यावर रंगीत आलेख काढून दाखवेल. मधे कुणी माणूस नको. ठीकच आहे, काळाप्रमाणे चालायला हवं. पण मंडळी, तो पडदा येत्या सोमवारी पहिल्यांदा उघडणार आहे. आणि त्यावरचा आकडा बघून ठरणार आहे, की आमचं वाइंडिंग शॉप भोपाळात राहील की उचलून चाकणला जाईल.

बोललो. बोलायचं नव्हतं, पण बोललो. एक घोट पाणी घेतो.

साहेब, गैरसमज नसावा. आपण पाहुणे आहात आणि हे काही गाऱ्हाण्याचं व्यासपीठ नव्हे. पण माझी झोप उडाली आहे, हे मी कुणापासून लपवू? चाकणला जा म्हणायला काय लागतं? आमच्यातल्या कित्येकांनी अयोध्या नगरात आत्ता कुठे घरं घेतलीत. या दत्तूच्या पत्नीचं, लीलावहिनींचं, डायलिसिस साकेत नगरच्या बाजूच्या इस्पितळात चालू आहे. त्याला चाकण दाखवून काय उपयोग? परवा तो मला म्हणाला, "साहेब, वो परदे पे मेरा नाम भी दिखेगा क्या?" मी म्हटलं, "नाव नाही रे, नुसता आकडा दिसेल." तर म्हणतो, "फिर तो और बुरा है."

ताईंचं शेवटच्या काही महिन्यांतलं काम हेच. निवृत्ती जवळ आली की माणसं टेबलाचे खण आवरतात. यांनी काय केलं? टेस्टिंगचा डेटाबेस त्या नव्या साधनाला जोडून द्यायला घेतला, म्हणजे पडदा चाचणीची खरी तारीख वाचेल. जुई, त्यांची उत्तराधिकारी, ती त्यांच्याबरोबर जुंपली होती. आणि तिथे आमची अब्रू निघाली! ईआरपीमध्ये प्रत्येक कॉइलला नंबर आहे. टेस्टिंगच्या कॉम्प्युटरवर आमच्या लोकांनी काय लिहिलंय? 'दत्तू की बडी'. 'खिडकी वाली'. 'गुप्ताजी जिसपे चिल्लाये थे'. अहो, आम्हाला ते वाचून लगेच कळतं कोणती कॉइल! यंत्राला कसं कळावं? ताई आणि जुई शॉपमध्ये येऊन एकेकाला विचारायच्या, खिडकीवाली म्हणजे कोणती, आणि गुप्ताजी कोणावर ओरडले होते. आमचे सुपरवायझर गुप्ताजी सगळ्यांवरच ओरडतात, त्यामुळे तिथे गाडी बरीच अडली.

पुष्कळ कॉइली जुळल्या. सगळ्या जुळल्या नाहीत. ज्या जुळल्या नाहीत, त्या सोमवारी पडद्यावर उशिराच्या म्हणून लाल दिसणार. किती लाल, ते आज दुपारीही नक्की सांगता येत नव्हतं. आमच्यातल्या एकाने सुचवलं, "ताई, राहिलेल्यांच्या तारखा अंदाजाने टाका ना. कोण बघतंय?" साहेब, हे मी आपल्यासमोर मुद्दाम सांगतोय. ताईंनी चष्मा काढला. ताईंनी चष्मा काढला की समजावं, आता काही खरं नाही. म्हणाल्या, "अंदाजाने टाकलेली तारीख सोमवारी खरी दिसेल. आणि वर्षभराने ती कुणी टाकली हे कुणालाच आठवणार नाही. मग जे खरं आहे त्यावरही विश्वास राहायचा नाही." विषय संपला.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? वाटलं, यांना काय, या सोमवारी घरी निवांत पेपर वाचत बसतील. पोटावर पाय आमच्या येणार. मी तसाच त्यांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "ताई, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला सांभाळून घेतलंत, मग आताच हात का आखडता?" त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. आणि म्हणाल्या, "दिलीप, तेच माझं चुकलं. मी दर महिन्याला आकडा नीट करत बसले. तुम्हाला सवय नीट करायला लावायला हवी होती. तुम्ही माझ्या भरवशावर राहिलात आणि मलाही ते आवडत होतं. आता मी जाताना ती चूक तुमच्या पदरात पडतेय, याचं मला फार वाईट वाटतं." डोळे भरले होते त्यांचे. माझा राग कुठल्या कुठे गेला. चहा मात्र दोघांचाही गार झाला.

ताई, मान खाली घालू नका. या सभागृहात तुमच्याबद्दल वेडंवाकडं बोलणारा एकही माणूस नाही. मंडळाचं वाचनालय तुम्ही उभं केलंत, नाटकाला प्रॉम्प्टिंग केलंत, कितीतरी मुलींना गणिताची भीती घालवून पुढे धाडलंत. ते सगळं इतर वक्ते सांगतीलच. मला एवढंच सांगायचं होतं, की तुम्ही आमच्यासाठी मधे उभ्या होतात हे आम्हाला तुम्ही निघताना कळलं. आणि आता मला भीती वाटते. सोमवारी आमच्या आणि त्या पडद्याच्या मधे कुणीच नसेल.

राजवाडेसाहेब, एक विनंती करू का? तो आकडा बघताना आपण... काय म्हणालात? माईक हवा का? बरं, तसंच सांगा, मी पुढे सांगतो. मागे ऐकू आलं नसेल. साहेब म्हणतायत, "आकडा तर मी बघणारच, त्यात सवलत नाही." हो साहेब. "पण सोमवारी मी पुण्यात बसून बघणार नाही. उद्याचं तिकीट पुढे ढकलतो. तुमच्या शेडमध्ये बसून बघेन. ज्या लाल दिसतील आणि अजून शेडमध्ये उभ्या असतील, त्या मला प्रत्यक्ष दाखवा."

टाळ्या थांबवा हो, जरा थांबा. साहेब, आपण 'काळजी करू नका' म्हणाल, अशी मला वेडी आशा होती. ते आपण म्हणाला नाहीत. पण आपण येऊन बघणार, हेही कमी नाही. दत्तू, ऐकलंस ना? नारळ फोड, जरूर फोड. कार्ड मात्र सोमवारपासून चाचणी झाली की तिथल्या तिथे बंद होईल आणि टेस्टिंगला कॉइलचा नंबरच पडेल. फोरमनसाहेबांचं फर्मान मी आज सगळ्यांच्या साक्षीने मागे घेतो. मान डोलावतोय तो. जुई, तूही लिहून घे.

वेळ झाला, काकू घड्याळाकडे बघतायत. मंडळाने हे सभागृह दिलं, चिवड्यापासून हारांपर्यंत सगळं पाहिलं, त्याबद्दल मनापासून आभार. राजवाडेसाहेब, आपलेही आभार. ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो आणि निवांतपणा मिळो. आनंदाच्या कार्यक्रमात मी चिंता घेऊन आलो, अध्यक्षांची परवानगी न घेता पाहुण्यांना प्रश्न विचारले, बोलताना मधेच हिंदी घुसडली. भाषणातल्या या सगळ्या चुका आपण मोठ्या मनाने पोटात घालाव्यात.

कामातल्या मात्र घालू नका. साहेब, तुम्ही नाही, आणि जुई, तूही नाही. आमचं चुकलं की तोंडावर सांगा. आमच्या चुका पोटात घालणारं माणूस आज निवृत्त झालं.

नमस्कार.